दयेने कारण विचारावे काय?

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत कोणाच्या घरी ताप शिरला, कोणास पान लागले, कोणाचा बैल दगावला किंवा वादळात कोणाचे छप्पर उडाले, तर शेजारीपाजारी विचारपूस करावयास जातात, आणि जाताना पदराखाली भाकरकोरड्यास घेऊन जातात. ही चाल उत्तम आहे. आमच्या वाडवडिलांनी प्रभूचे नाव घेतले त्याच्याही आधीपासून ती चालत आली आहे. परंतु एक रोग असा आहे की, त्याचे नाव कानी येताच पाऊल उंबरठ्यावर अडखळते आणि भाकरीच्या आधी प्रश्न बाहेर पडतो: हा रोग त्याला कोठून लागला? तो रोग म्हणजे एच.आय.व्ही. होय. रोगाची माहिती देणारी पत्रके सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात, यास्तव आजचा आमचा विषय मुख्यत्वे रोग नव्हे. तो प्रश्न हाच आमचा विषय आहे. दया करणाऱ्यास दयेच्या आधी कारण विचारण्याचा अधिकार आहे काय?

प्रथम विचारणाऱ्यांची बाजू न्यायाने मांडिली पाहिजे. आमचे उपदेशक व मंडळ्यांचे पंच निर्दय लोक नव्हेत. गरीबफंडात जे पैसे पडतात ते कोणा सावकाराच्या तिजोरीतून येत नाहीत. खुरपणीस जाणाऱ्या बाईच्या कनवटीतून ते येतात, आणि सुगीच्या उपकारस्तुतीस आणलेल्या ज्वारीच्या पायलीतून येतात. अशा पैशाचा कारभार ज्याच्या हाती आहे त्याने तो कोणास दिला व कशासाठी दिला हे पाहणे त्याचे कर्तव्यच आहे. दारूत घर बुडविणाऱ्याच्या हाती रोख रक्कम देऊ नये हे शहाणपण कोणीही नाकारणार नाही. शिवाय मंडळीची शिस्त म्हणून काही वस्तू आहे. एका वृद्ध पंचांनी आम्हांस विचारिले, "पाळकसाहेब, कारण न विचारता आपण देऊ लागलो, तर उद्या आमची पोरे म्हणतील की, वाटेल तसे वागा, मंडळी पोसावयास बसलीच आहे. मग आम्ही काय सांगावे?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याचे उत्तर आम्ही पुढे देऊ. परंतु त्याआधी हा प्रश्न विचारला असता प्रत्यक्षात काय घडते तिकडे वाचकांनी लक्ष द्यावे.

एक विधवा आहे असे समजा. आम्ही गावाचे नाव घेत नाही, कारण अशी विधवा एकाच गावी आहे असे नाही. नवरा ट्रकवर होता; खंगत खंगत मेला. दिवस सरण्याच्या आत सासरच्यांनी तिला भांड्याकुंड्यांसह बाहेर काढिले. तपासणीत तिलाही रोग निघाला. दोन मुले शाळेत जातात. ती पंचांपुढे येऊन ज्वारी व पोरांच्या वह्यापुस्तकांपुरते साहाय्य मागते. पंच प्रेमळ आहेत, ते तिला घोंगडीवर बसवितात, पाणी देतात, आणि विचारतात, "बाई, हे झाले कसे?" आता तिच्यापुढे दोनच वाटा उरतात. नवऱ्याने आणिला असे तिने सांगितले तर ती निर्दोष ठरते व तिला ज्वारी मिळते. पण त्यासाठी तिने मेलेल्या माणसाविरुद्ध, ज्याला आता उत्तर देता येत नाही अशा माणसाविरुद्ध, चार लोकांत साक्ष दिली पाहिजे, आणि ही साक्ष दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पोहोचून तेथून तिच्या मुलांच्या कानी जाते. ती गप्प राहिली तर तिच्या गप्प राहण्याचा अर्थ लोक आपल्या मनाने लावितात. पंचांच्या मनात व्यापार करावयाचा नव्हता, तरी व्यापार झाला. दोन पायल्या ज्वारी दिली, आणि त्या पोरांच्या मनात बापाची जी काही आठवण उरली होती ती किंमत म्हणून घेतली.

ह्या प्रश्नाच्या पोटातून आणखी एक शब्द जन्मास येतो; तो म्हणजे "निष्पाप". रोगी मुलांविषयी बोलताना कित्येक सज्जन म्हणतात की, ही लेकरे बिचारी निष्पाप आहेत, ह्यांस तरी मदत करावी. बोलणाऱ्याच्या मनात केवळ कळवळा असतो. परंतु त्या "तरी" शब्दाने किती काम केले ते पाहा. लेकराच्या शेजारी त्याची आई बसलेली आहे. लेकरास निष्पाप म्हणताना तिला काय म्हटले गेले, हे तिला समजते; लेकरू थोडे मोठे झाले की त्यालाही समजते. एकास दयेच्या घरात घेण्यासाठी दुसऱ्यास बाहेर उभे करावे लागते, असली ती दया आहे.

बरे, कारण विचारले म्हणजे ते सापडते तरी काय? आमच्या देशात हा रोग प्रथम १९८६ साली चेन्नई येथे उघडकीस आला. डॉक्टर सुनीती सॉलोमन ह्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टर निर्मला ह्यांनी, वेश्याव्यवसायावरून धरून आणलेल्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने जमवून ही गोष्ट सिद्ध केली. डॉक्टर सुनीती ह्या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत राहिलेल्या मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला, आणि त्यांचे यजमान ख्रिस्ती होते. पुढे १९९३ साली त्यांनी आपल्या वडिलांच्या नावाने संस्था काढून ज्या रोग्यांस इतर दवाखाने दारातून परतवीत, त्यांची सेवा आरंभिली. २०१५ साली त्या निवर्तल्या. त्या पहिल्या स्त्रियांविषयी त्या पुढे सांगत की, त्यांत तेरा वर्षांची एक मुलगी होती, आणि तिला पळवून नेऊन विकण्यात आले होते. आता हा रोग हिला कोठून लागला असे कोणी विचारिले असते तर कागदावरचे उत्तर तयार होते, आणि ते एका शब्दाचे होते. कागदास तो शब्द पुरे वाटला असता. ज्याने तिला विकले त्याचे नाव त्या कागदावर नव्हते, आणि ज्यांनी विकत घेतले त्यांची नावे तर कोणत्याच कागदावर नसतात. तात्पर्य, कारणाचा धागा ओढू लागले म्हणजे तो रोग्याच्या अंगणात संपत नाही. दुष्काळात, कर्जात, घर सोडून परमुलखी ऊस तोडावयास किंवा गाडी हाकावयास जाण्यात, सासऱ्याच्या दारात, आणि कधी कधी आमच्या स्वतःच्या दारातही तो येऊन पोहोचतो. तितका लांब धागा ओढावयाची पंचांची तयारी नसते. जेथे रोगी बसलेला असतो तेथेच ते तो तोडतात.

ह्या विषयावर आम्हांस एका दूरच्या देशातील काम फार बोधप्रद वाटते. तो देश पूर्व आफ्रिकेतील युगांडा. तेथे चर्च मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी १८७७ साली पोहोचले. ह्याच सोसायटीने त्यापूर्वी आमच्या नाशिकजवळ शरणपूर येथे, गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांस वाढवून शिक्षण दिले होते. त्यांतील काही तरुण १८७२ साली डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मदतीस गेले, आणि त्यांच्या मरणानंतर त्यांचे शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत ते होते. तेव्हा तो मुलूख आम्हांस अगदीच परका नव्हे.

गेल्या शतकाच्या अखेरच्या वीस वर्षांत युगांडात ह्या रोगाने घरेच्या घरे ओस पाडिली. त्या काळी नोरीन कलीबा नावाच्या बाई कंपाला शहरी दवाखान्यात, लुळ्या पडलेल्या अवयवांस व्यायाम देऊन ते चालते करण्याचे काम करीत असत. त्यांचे पती ख्रिस्तोफर हे शिक्षणासाठी इंग्लंडात हल येथे गेले होते. १९८६ साली ते तेथे आजारी पडले व रोग एड्स असल्याचे ठरले. बाई धावत तिकडे गेल्या. तेथे परिचारिकांनी व ओळखदेख नसलेल्या स्वयंसेवकांनी त्या दोघांची जी वास्तपुस्त केली, उशाशी बसून जे बोलणे ऐकून घेतले, ते त्यांच्या मनावर कोरले गेले. मग त्यांनी पतीस मायदेशी आणिले. तेथे मात्र दवाखान्यातील माणसेही जवळ यावयास भीत. १९८७ च्या जानेवारीत ख्रिस्तोफर वारले. मागे बाई व त्यांच्या चार मुली राहिल्या. बाईंची स्वतःची तपासणी झाली तेव्हा त्यांस रोग नसल्याचे आढळले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. काही वर्षांपूर्वी एका अपघातानंतर ख्रिस्तोफर ह्यांस रक्त चढविण्यात आले होते, आणि रोग त्या रक्तातून आला असे बाईंनी पुढे सांगितले आहे. म्हणजे, कोठून आला, ह्या प्रश्नाचे जितके चांगले उत्तर कोणापाशी असू शकेल तितके त्यांच्यापाशी होते. त्या उत्तराच्या आड त्यांना सुखाने बसता आले असते. आमच्या घरचा रोग रक्ताचा, त्या शेजारणीच्या घरचा रोग वेगळा, असे म्हणून त्यांना आपली चूल निराळी मांडता आली असती. आणि लोकांनी त्यांची कीवही केली असती. त्यांनी तसे केले नाही. त्याच वर्षी, १९८७ साली, त्यांनी व आणखी पंधरा जणांनी मिळून एक मंडळ स्थापिले. ह्या सोळा जणांपैकी बहुतेक एकतर स्वतः रोगी होते किंवा त्यांच्या घरी रोगी होता. कित्येक तर थोड्याच वर्षांत वारले. ह्या मंडळाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्यास टासो असे म्हणतात.

ह्या सोळा जणांपाशी काय होते? पैसा नव्हता. औषधही नव्हते, त्या वर्षी युगांडाच्या गरिबांच्या आवाक्यात ह्या रोगावरचे एकही औषध नव्हते. जे होते ते इतकेच की, येणाऱ्यापाशी बसावे, त्याचे ऐकावे, ताप, तोंड येणे, हगवण, अंगावरच्या पुळ्या ह्यांवर होईल तो उपाय करावा, त्याच्या घरी जाऊन घरच्या माणसांस त्याला उचलावे कसे, आंघोळ कशी घालावी, भरवावे कसे हे शिकवावे, आणि ठरलेल्या दिवशी सर्वांनी एकत्र जमून चहा घ्यावा, जेवावे व काही हस्तव्यवसाय करावा. ज्यास आज समुपदेशन हे भारदस्त नाव मिळाले आहे त्याचा आरंभ तेथे असा झाला. मरण जवळ आले असे सर्वांनी धरून चालण्याच्या त्या काळात, आम्ही एड्सने मरणारे नव्हे तर एड्ससह जगणारे आहो, असे हे लोक म्हणू लागले. हे नुसते शब्दांचे फिरविणे आहे असे कोणास वाटेल. परंतु ज्या घरी रोग्याचे ताट वेगळे केलेले असते त्या घरी हा शब्द काय करितो, हे पाहणाऱ्यास ठाऊक आहे. पुढे औषधे स्वस्त झाली तेव्हा, २००४ पासून, ह्याच मंडळाने औषधे देण्याचे कामही अंगावर घेतले. आज युगांडाच्या निरनिराळ्या भागांत त्याची केंद्रे आहेत.

आमच्या विचाराच्या दृष्टीने ह्या कथेचे मर्म असे की, जिच्यापाशी सर्वांत निर्मळ उत्तर होते तिनेच ते उत्तर दाखवून वेगळे बसण्याचे नाकारिले. ज्याला आपली पाटी कोरी असल्याचा भरवसा आहे असा मनुष्य जेव्हा दुसऱ्यांच्या पाट्या तपासावयाचे सोडितो, तेव्हा ती दया खरी.

त्याच देशातील दुसरे उदाहरण आमच्या पाळकबंधूंसाठी आहे. गिडियन ब्यामुगिशा हे तेथील अँग्लिकन मंडळीचे दीक्षित सेवक. त्यांची पत्नी १९९१ साली वारली. नंतर स्वतःची तपासणी करविता त्यांस एच.आय.व्ही. असल्याचे कळले. १९९२ साली त्यांनी ही गोष्ट उघड केली. आफ्रिकेत असे उघडपणे सांगणारे पहिले धर्मसेवक ते होत. पाळकाविषयी असे कळले म्हणजे लोकांच्या जिभा कशा सुटतात हे सांगावयास नको. पाळकाला तर हा प्रश्न दुप्पट जोराने विचारला जातो. तरी त्यांच्या मंडळीने त्यांना टाकिले नाही. त्यांचे सेवेचे काम चालू राहिले, आणि पुढे त्यांच्यासारख्या रोगी धर्मसेवकांचा आफ्रिकाभर एक संघ उभा राहिला, त्याचे ते एक संस्थापक झाले. आमच्या एखाद्या पाळकाने उद्या असे उभे राहून सांगितले, तर आमची मंडळी काय करील, हा प्रश्न आम्ही येथे केवळ मांडितो. त्याचे उत्तर प्रत्येक मंडळीने आपापल्या ठिकाणी द्यावे.

आता शास्त्राकडे वळू. आमच्यापैकी पुष्कळांचे आजेपणजे ज्या समजुतीखाली दडपले गेले होते ती अशी की, दुःख हे मागील जन्मीच्या कर्माचे फळ आहे. ज्याच्या वाट्यास ते आले त्याने ते मुकाट्याने भोगावे, आणि त्यात हात घालणाऱ्याने व्यर्थ शिणू नये. अमक्या जातीत का जन्मलास, तर मागल्या जन्मी पाप केलेस म्हणून. महारोग का झाला, तर मागल्या जन्मी पाप केलेस म्हणून. हे जू किती जड होते ते आमच्या वृद्ध लोकांस विचारा. बाप्तिस्म्याच्या दिवशी आम्ही ते उतरविले. परंतु रोग कोठून लागला ते आधी सांग, मग ज्वारी देतो, असे आम्ही जेव्हा म्हणतो, तेव्हा तेच जू परसदाराने घरात आणितो. फरक इतकाच की, मागला जन्म न म्हणता आता आम्ही मागली वर्तणूक म्हणतो.

ह्या समजुतीचा दोष एकाच धर्माच्या लोकांवर घालणे मात्र न्यायाचे होणार नाही. ईयोबाचे तिघे मित्र देवभीरू होते आणि त्यांनी नेमके हेच केले. आम्हांस त्या मित्रांविषयी नेहमी असे वाटते की, त्यांची सेवा पहिले सात दिवस फार उत्तम झाली. ते आले, रडले, आणि त्याच्याबरोबर भूमीवर उगेच बसून राहिले. पुढे ते बोलू लागले आणि कारण शोधू लागले, तेथून त्यांचे मित्रपण संपले. शेवटी देवाचा क्रोध झाला तो त्यांच्यावर, ईयोबावर नव्हे. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात, जन्मापासून आंधळ्या असलेल्या मनुष्याकडे पाहून खुद्द प्रभूच्या शिष्यांनी हाच प्रश्न केला: पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांपैकी कोणाच्याही माथी दोष मारिला नाही. त्याने थुंकून चिखल केला व तो त्या मनुष्याच्या डोळ्यांस लाविला. आमच्या मते त्या चिखलात पुष्कळ धर्मज्ञान आहे. शिष्यांचा प्रश्न पाठीमागे पाहत होता. प्रभूचा हात पुढच्या कामाकडे गेला.

आता त्या वृद्ध पंचांचे उत्तर. ते म्हणतील, आणि त्यांनी म्हणावेही, की त्याच शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तळ्याकाठच्या रोग्यास प्रभूने पुढे पाप न करण्याची ताकीद दिली आहे. मग पाळकसाहेब ती का वगळितात? आम्ही ती वगळीत नाही. परंतु ती ताकीद केव्हा व कोठे दिली ते पाहावे. रोगी बरा झाला, बाज उचलून चालू लागला, त्यानंतर मंदिरात प्रभू त्याला भेटला, तेव्हा दिली. अडतीस वर्षे पडलेल्या माणसास, आधी तुझे पाप सांग, मग उठवितो, असे प्रभू तळ्याकाठी म्हणाला नाही. दया आधी आणि बोध मागून, हा क्रम आहे. आणि तो उलटा केला की दोन्ही वस्तू नासतात, दया विकत मिळू लागते आणि बोध धमकी होतो. आमच्या तरुणांस पवित्र वर्तणूक शिकवावी, लग्नाची शपथ पाळावयास शिकवावे, दारूपासून व परस्त्रीपासून दूर राहावयास सांगावे, आणि हे सर्व तरुणांस सारखेच सांगावे, ज्यांच्या रक्तात रोग निघाला त्यांस अधिक व ज्यांच्या निघाला नाही त्यांस कमी असे नव्हे. कारण एकाच पापाने एकाच्या रक्तात खूण राहते व दुसऱ्याच्या राहत नाही, एवढ्यावरून दुसरा धुतल्या तांदळासारखा ठरतो असे कोणते शास्त्र सांगते? पश्चात्ताप हा औषधाचा दर नव्हे. आमचा अनुभव तर असा आहे की, ज्याला कोणी विचारिले नाही तोच एके दिवशी आपण होऊन, संध्याकाळी, सर्व गेल्यावर, उठावयाच्या बेतात असलेल्या पाळकाला थांबवून सांगू लागतो. उकरून काढलेली कबुली आणि अशी कबुली ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

एका ठिकाणी मात्र विचारणे हेच कर्तव्य होते, आणि ते आम्ही झाकून ठेवणार नाही. रोगी तरुण लग्न करू पाहतो, आणि मुलीस व तिच्या आईबापांस काही ठाऊक नाही. पाळकाला मात्र त्याने विश्वासाने सांगितले आहे. आता पाळकाने काय करावे? हा प्रश्न मागचा नव्हे, पुढचा आहे; तुला कोठून लागला, असा नव्हे, तर तू तिला सांगितलेस काय, असा. तो विचारलाच पाहिजे, आणि एकदा विचारून थांबता कामा नये. देशाचा कायदाही ह्याच दिशेने जातो. ह्या रोगाविषयीचा २०१७ सालचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. त्याने रोग्याच्या संमतीवाचून त्याची गोष्ट उघड करण्यास मनाई केली आहे, आणि नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर ह्यांत त्याच्याशी भेदभाव करण्यासही मनाई केली आहे. पण ज्याला आपला रोग ठाऊक आहे व ज्याला नीट समजावून सांगण्यात आले आहे, त्याने दुसऱ्यास तो लागू नये म्हणून खबरदारी घेतली पाहिजे, असेही त्याच कायद्याने सांगितले आहे. जोडीदारास कळविण्याची मुभा ठराविक अटींवर डॉक्टर व समुपदेशक ह्यांस आहे, पाळकास नाही. तेव्हा पाळकाने त्या तरुणास घेऊन समुपदेशकाकडे जावे, आणि तो स्वतः सांगेपर्यंत आपण लग्न लाविणार नाही असे त्याला स्पष्ट बजावावे. मुलीच्या बापाला कारण न सांगता लग्न पुढे ढकलावे लागले तर लोक पाळकाला बोल लावितील. तो बोल त्याने सोसावा. ही वाट सोपी आहे असे आम्ही म्हणत नाही. आणि सर्व कळल्यावरही मुलीने होय म्हटले तर ते लग्न आनंदाने लावावे. रोज औषध घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू तपासणीत सापडू नये इतका दबला आहे, त्याच्यापासून जोडीदारास संगाने हा रोग लागत नाही, हे आता निश्चित ठरले आहे. आईने वेळेवर औषध घेतले तर बहुतेक लेकरे निरोगी जन्मतात.

पाठीमागचा प्रश्न आमच्यांत कोठकोठे लपून बसला आहे ह्याचा एक दाखला देतो. एका मंडळीत प्रभुभोजनास पिढ्यान्‌पिढ्या एकच प्याला फिरत असे. एके महिन्यात तेथे लहान लहान पेले आले. पेले वाईट नव्हेत. कित्येक मंडळ्यांत ते पूर्वीपासून आहेत, आणि सर्दीपडशाच्या दृष्टीने ते बरेही आहेत. परंतु ते कोणत्या महिन्यात आले, आणि त्या महिन्याच्या आधी गावात काय कुजबुज झाली होती, हे मागच्या रांगेत बसलेल्या एका मनुष्यास समजले. पुढील प्रभुभोजनास तो आला नाही. एकाच प्याल्याने, एका ताटात जेवल्याने, हात हातात घेतल्याने, डास चावल्याने हा रोग लागत नाही. संगाने, दूषित रक्ताने, दूषित सुईने आणि आईपासून लेकरास लागतो. हे आज शाळेतील पोरासही ठाऊक असते. म्हणजे त्या मंडळीस भय रोगाचे नव्हते. प्रभू महारोग्याला बरे करण्यास नुसता शब्द बोलला असता तरी पुरे होते. तरी त्याने हात पुढे करून त्याला स्पर्श केला, हे आमच्या शब्बाथशाळेतील मुले तोंडपाठ सांगतात.

प्रार्थनासभेविषयीही एक सूचना करणे अवश्य आहे. अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याला तो आजार आहे, असे सभेत म्हणणे म्हणजे गावभर दवंडी पिटणे होय. देवाला रोगाचे नाव ठाऊक आहे.

आता आमच्या मंडळ्यांनी काय करावे? युगांडातील त्या लोकांपाशी जे नव्हते ते आमच्या हाताशी आहे. सरकारने १ एप्रिल २००४ पासून ह्या रोगावरील औषधे फुकट देण्यास आरंभ केला, आणि २०१७ पासून रोग ठरताच औषध सुरू करण्याचा नियम झाला. पुष्कळांस आता दिवसाची एकच गोळी पुरते. जिल्हा रुग्णालयांत ए.आर.टी. केंद्रे आहेत, तपासणी फुकट व गुप्त होते, १०९७ ह्या क्रमांकावर टेलिफोन केल्यास पैसे न पडता माहिती मिळते. मग उरले काय? उरले तेच, जे त्या सोळा जणांनी दिले. गोळी फुकट आहे, पण ती जन्मभर, एकही दिवस न चुकविता घ्यावयाची आहे, आणि उपाशी पोटी, एकट्या घरात, कोणापासून तरी डबी लपवीत ती घेणे मनुष्यास जड जाते. पुष्कळ जण औषध नाही म्हणून नव्हे, तर सोबत नाही म्हणून सोडून देतात. आमच्या उपदेशकांनी आपल्या जवळच्या केंद्रातील समुपदेशकास एकदा भेटून यावे, आणि रोग्यांची स्वतःची मंडळे कित्येक जिल्ह्यांत आहेत त्यांची गाठ घ्यावी; त्या मंडळांत ख्रिस्ती किती व इतर किती हे मोजू नये.

गरीबफंडाच्या पंचांस आमची विनंती आहे की, हिशेब जरूर ठेवावा. रोख रक्कम देण्यास भय वाटत असेल तर देऊ नये. ज्वारी द्यावी, वह्या द्याव्या, जाण्यायेण्याचे भाडे द्यावे. केंद्र लांब असते, महिन्याकाठी एक दिवसाची मजुरी बुडते, आणि भाड्याचे पैसे नाहीत म्हणून फेरी चुकते. पंचांपैकी कोणी त्याच दिवशी बाजारास किंवा कचेरीच्या कामास जिल्ह्यास जाणार असेल तर त्याने बरोबर जावे, रांगेत शेजारी बसावे, आणि परतताना एस.टी. स्टँडवर दोन चहा सांगावे. दुसऱ्या दिवशी वहीत तारीख घालून "दवाखाना, येणेजाणे" एवढे लिहिले म्हणजे पुरे.